डोळ्यांनी शिकलेली इंग्रजी

चीनमध्ये इंग्रजीची पहिली पुस्तके परीक्षेसाठी छापली गेली नाहीत, बंदरावरच्या सौद्यांसाठी छापली गेली. 1757 साली बादशाही हुकमाने पाश्चात्त्य जहाजांचा व्यापार कॅन्टन म्हणजे आजच्या ग्वांगझाऊ या एकाच बंदरापुरता मर्यादित झाला. परक्या व्यापाऱ्यांनी चिनी भाषा शिकू नये अशी सरकारची इच्छा होती. मग इंग्रजीची तोंडओळख करून घेण्याचे काम चिनी दुकानदार, हमाल, खानसामे आणि दुभाषे यांच्याकडे आले. मुंबईहून कापूस आणि अफू घेऊन येणारे पारशी व्यापारीही याच बंदरात उतरत.

या लोकांसाठी दक्षिण चीनमध्ये काही पानांच्या स्वस्त पुस्तिका निघत. इंग्रजांना तिथे ‘लाल केसांचे लोक’ म्हणत, म्हणून पुस्तिकेचे नाव ‘लाल केसांच्या लोकांची बोली’. तिच्यात रोमन अक्षर एकही नसे. चिनी शब्दाखाली त्याचा इंग्रजी उच्चार चिनी अक्षरांतच लिहिलेला असे, आणि ती अक्षरे कॅन्टनच्या बोलीत वाचायची असत. ‘वन’साठी जे अक्षर वापरले होते त्याचा खरा अर्थ ‘उबदार’, पण कॅन्टनमध्ये त्याचा उच्चार ‘वान’ होतो. ‘थ्री’साठी दोन अक्षरे होती, त्यांचा एकत्र अर्थ ‘भूगोल’ आणि उच्चार ‘देइ-लेइ’. ‘थ’ आणि ‘र’ हे दोन्ही ध्वनी त्या बोलीत नसल्याने ‘थ्री’ला याहून जवळचे काही सापडणे अवघड होते. या पुस्तिकांतून आणि गोदीवरच्या बोलण्यातून पिजिन इंग्रजी तयार झाली. तिच्यात क्रियापदाला काळ नव्हता, नामाला वचन नव्हते, ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे नव्हती. मूळ चिनी भाषेतही ती नाहीत, त्यामुळे ही रचना चिनी माणसाला सहज जमे. ‘चॉप-चॉप’, ‘नो कॅन डू’ असे तिचे तुकडे पुढे इंग्रजीतच मुरले. इंग्रजी वाचता-लिहिता न येणाऱ्यांनी कानाने आणि जिभेने उभी केलेली ही भाषा शंभराहून अधिक वर्षे व्यापार पेलत होती. भाषेच्या इतिहासात तिची नोंद टिंगलीनेच जास्त झाली, हा त्या लोकांवर मोठाच अन्याय आहे.

दुसऱ्या अफूयुद्धाने चित्र पालटले. 1858 च्या थिएनचिन तहात ब्रिटनने एक कलम घातले: अर्थाबाबत वाद झाला तर तहाचा इंग्रजी मजकूर प्रमाण धरायचा. बंदरावरच्या दुभाष्यावर राज्याचे भवितव्य सोपवणे आता दरबाराला परवडणारे नव्हते. 1862 साली राजपुत्र कुंग याच्या पुढाकाराने बीजिंगमध्ये थोंगवेन ग्वान ही सरकारी भाषाशाळा निघाली. मांचू घराण्यांतली दहा मुले हा तिचा पहिला वर्ग. शाळा नवी असली तरी तिची शिस्त चीनच्या ओळखीची होती: मासिक परीक्षा, तिमाही परीक्षा, वार्षिक परीक्षा, आणि तीन वर्षांनी मोठी परीक्षा, जिच्यात उत्तीर्ण होणाऱ्याला सरकारी पदाची पायरी मिळे. चीनमधल्या इंग्रजीला परीक्षेची वेसण पहिल्यांदा पडली ती इथे. 1891 साली गुआंगश्यू बादशहाने स्वतः इंग्रजीचे धडे सुरू केले, तेव्हा त्याला शिकवायला याच शाळेतून तयार झालेले दोघे गेले.

परीक्षा ही चीनला नवी गोष्ट नव्हती. सातव्या शतकाच्या सुरुवातीपासून राज्याचे अधिकारी लेखी परीक्षेतून निवडले जात. नानजिंगच्या परीक्षागृहात वीस हजारांवर कोठड्या होत्या आणि उमेदवार तिथे दिवसरात्र बसून निबंध लिहीत. निबंधाचे आठ भाग ठरलेले, वाक्यांच्या जोड्या ठरलेल्या. यशस्वी उमेदवारांचे निबंध छापून विकले जात, ते पाठ करणे हीच तयारी. तळहातात मावणारी पुस्तके आणि अस्तरावर बारीक अक्षरांत ग्रंथ उतरवलेले अंगरखे आज संग्रहालयांत पाहायला मिळतात. 1905 साली ही परीक्षा बंद झाली. पण घराण्याचे नशीब एका उत्तरपत्रिकेने पालटते हा विश्वास आणि त्यासाठी पाठांतर करण्याची सवय बंद झाली नाही. तिला नवा विषय हवा होता, आणि तो हाताशी होता: इंग्रजी.

त्या विषयाचे पहिले लोकप्रिय पाठ्यपुस्तक चीनमध्ये गेले ते भारतातून. 1897 साली शांघायमध्ये चार-पाच मुद्रकांनी मिळून कमर्शियल प्रेस काढला. इंग्रजांनी भारतातल्या शाळकरी मुलांसाठी तयार केलेली इंग्रजी वाचनपुस्तके शांघायमधल्या मिशन शाळांत वापरात होती. प्रेसने श्ये होंगलाय यांच्याकडून त्यांना चिनी अर्थ आणि टिपा जोडून घेतल्या आणि 1898 साली ते पुस्तक बाजारात आणले. ते इतके खपले की पुढे चीनमधली सर्वांत मोठी प्रकाशनसंस्था झालेल्या या प्रेसचा पाया त्यावरच बसला. पुस्तकाची मांडणी साधी होती: वर इंग्रजी वाक्य, खाली चिनी अर्थ. शिक्षक नसला तरी घरी बसून ते उलगडता येई, आणि हेच त्याच्या यशाचे कारण होते. मात्र कॅन्टनच्या पुस्तिकेत उच्चार होता आणि अक्षर नव्हते. इथे अक्षर आणि अर्थ आले, उच्चार मागे पडला. इंग्रजी कानाकडून डोळ्याकडे सरकली.

1908 साली अमेरिकेने परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावानंतर चीनकडून घेतलेल्या खंडणीचा काही भाग परत करायचे ठरवले आणि त्या पैशांतून विद्यार्थी अमेरिकेला पाठवण्याची योजना आखली गेली. 1909 साली बीजिंगमध्ये निवडपरीक्षा झाली, 47 जण निवडले गेले. 1910 साली 70. त्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पुढे थोर भाषाशास्त्रज्ञ झालेले झाओ युआनरेन होते आणि 55 व्या क्रमांकावर बोलीभाषेतल्या चिनी साहित्याचे प्रवर्तक हू शी. परदेशी विद्यापीठासाठी इंग्रजीच्या परीक्षेला बसणाऱ्या चिनी तरुणांची परंपरा इथून मोजता येते. या विद्यार्थ्यांच्या पूर्वतयारीसाठी 1911 साली जी शाळा निघाली तिचेच आजचे रूप म्हणजे चिंगह्वा विद्यापीठ.

1949 साली कम्युनिस्ट सत्तेवर आल्यानंतर काही वर्षे रशियन भाषेला मान होता. सोव्हिएत संघाशी बिनसल्यावर 1964 च्या सात वर्षांच्या योजनेत इंग्रजी पहिली परकी भाषा ठरली, आणि दोनच वर्षांनी सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा थांबल्या. जिथे इंग्रजी शिकवली जात होती तिथे धड्यांतून अध्यक्ष माओंच्या घोषणा असत. या काळात शिकलेल्या अनेकांना क्रांतीची शब्दावली इंग्रजीत येत असे, पण बाजारात भाजी मागता येत नसे.

1977 च्या हिवाळ्यात गाओकाओ ही प्रवेशपरीक्षा पुन्हा सुरू झाली. सुमारे 57 लाख उमेदवार बसले, त्यांतल्या पावणेतीन लाखांच्या आसपास लोकांना प्रवेश मिळाला. सुरुवातीला इंग्रजीचे गुण बहुतेकांच्या बेरजेत धरले जात नव्हते, कारण गावोगावी शिक्षकच नव्हते. मग सरकारने ते हळूहळू आत घेतले: 1979 साली गुणांचे 10 टक्के धरले, 1980 साली 30, 1981 साली 50, 1982 साली 70 आणि 1983 पासून पूर्ण. चार वर्षांच्या या चढणीत एका पिढीची तयारी घडली. सांस्कृतिक क्रांतीत शेतावर पाठवलेले तरुण परत येऊन रेडिओवरच्या पाठांना चिकटले. अलेक्झांडरचे ‘न्यू कन्सेप्ट इंग्लिश’ हातोहाती फिरले. 1982 साली बीबीसीची ‘फॉलो मी’ ही मालिका चिनी दूरदर्शनवर आली आणि संध्याकाळी शेजारपाजारचे लोक एका छोट्या काळ्या-पांढऱ्या पडद्यापुढे जमू लागले. शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये रविवारी अनोळखी माणसे एकमेकांशी इंग्रजीत बोलायला येत. अशा जागांना ‘इंग्रजी कोपरा’ हे नाव पडले. इथल्या तयारीला परीक्षेचा धाक नव्हता, आणि तिच्यातली गोडी खरी होती.

1981 साली अमेरिकेची टोफेल परीक्षा चीनमध्ये सुरू झाली. चिनी भाषेत तिला ‘त्वो-फू’ म्हणतात. उच्चार जुळवताना अक्षरेही शुभ निवडली गेली: ‘आपल्या आशीर्वादाने’. पुढे आलेल्या आयेल्ट्स या इंग्रजीच्या दुसऱ्या परीक्षेला ‘या-स’ हे नाव मिळाले, अर्थ ‘सुसंस्कृत विचार’. जुनी कागदी टोफेल 677 गुणांची होती आणि तिच्यात बोलण्याची चाचणी नव्हती. ऐकणे, व्याकरण, वाचन, सगळे पर्यायांतून निवडायचे. पाठांतरात मुरलेल्या विद्यार्थ्याला ती मानवली. सहाशेच्या वर गुण घेऊन अमेरिकेला गेलेल्या अनेकांना पहिल्या आठवड्यात प्राध्यापकाचे बोलणे समजेना, स्वतःचे वाक्य पूर्ण होईना. या अवस्थेला चिनी लोकांनीच नाव दिले आहे: ‘मुकी इंग्रजी’.

देशात दुसरीकडे 1987 साली महाविद्यालयांसाठी इंग्रजीची चौथ्या पातळीची परीक्षा आली, 1989 साली सहाव्या पातळीची. अनेक विद्यापीठांनी चौथी पातळी ओलांडल्याशिवाय पदवी न देण्याचा नियम केला. मग रसायनशास्त्राचा विद्यार्थी असो वा चिनी काव्याचा, पहाटे वसतिगृहाबाहेर उभा राहून शब्द घोकताना दिसू लागला. त्याच्या हातातल्या शब्दकोशिका वर्णक्रमाने लावलेल्या असत आणि बहुतेकींचा पहिला शब्द ‘अबॅन्डन’, म्हणजे सोडून देणे. दर सत्रात नव्या निर्धाराने पहिल्या पानापासून सुरुवात करणाऱ्यांना तो शब्द पक्का येई, ‘बी’पुढचे शब्द मात्र कोरेच राहत. म्हणून प्रकाशकांनी क्रम मोडून शब्द विखुरलेल्या आवृत्त्या काढल्या, आणि आजही त्या चांगल्या खपतात. या घोकंपट्टीला नावे ठेवण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. चिनी मूल हजारो अक्षरे एकेक करून, पुन्हा पुन्हा गिरवून शिकते. शब्द सुटा घेऊन मनात बसवणे ही त्याच्या लेखी भाषा शिकण्याची सर्वांत स्वाभाविक रीत आहे.

या तयारीचा मोठा उद्योग उभा केला यू मिनहोंग यांनी. खेड्यात वाढलेले यू गाओकाओत दोनदा नापास झाले, तिसऱ्या खेपेला 1980 साली पेकिंग विद्यापीठात इंग्रजी शिकायला गेले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. अमेरिकेला जायची त्यांची इच्छा पुरी झाली नाही. विद्यापीठाची नोकरी सोडल्यावर ते बीजिंगच्या कडाक्याच्या थंडीत खळीचा डबा घेऊन विजेच्या खांबांवर शिकवणीच्या जाहिराती चिकटवत फिरत. 1993 साली त्यांनी ‘न्यू ओरिएंटल’ ही शाळा काढली. एकेका दालनात शेकडो विद्यार्थी दाटीने बसत. शिक्षक गोष्टी सांगत, शब्दांची मुळे फोडून दाखवत, आणि कोणता पर्याय न वाचताच गाळता येतो हेही शिकवत. 2001 साली टोफेल घेणाऱ्या ईटीएस या अमेरिकी संस्थेने प्रश्नपत्रिका परवानगीशिवाय छापल्याबद्दल शाळेवर दावा लावला. 2004 साली बीजिंगच्या उच्च न्यायालयाने स्वामित्वहक्काचा भंग झाल्याचे कायम केले. तरीही 2006 साली ही संस्था न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात दाखल झाली.

त्याच काळात ‘जी-जिंग’ हा शब्द रूढ झाला. ‘जी’ म्हणजे यंत्र, इथे संगणक, आणि ‘जिंग’ म्हणजे पोथी. परीक्षा देऊन बाहेर आलेल्यांनी आठवणीतून प्रश्न लिहून काढायचे आणि पुढच्यांनी ते पाठ करायचे. 2002 साली अमेरिकेतल्या पदव्युत्तर प्रवेशाच्या जीआरई परीक्षेचे असे प्रश्न इतके पसरले की ईटीएसने चीनमध्ये संगणकावरची परीक्षा थांबवून पुन्हा कागद आणला.

परीक्षा घेणाऱ्यांनी मग जिभेकडे मोर्चा वळवला. 2006 मध्ये चीनमध्ये आलेल्या नव्या टोफेलमध्ये मायक्रोफोनसमोर बोलायचे होते: काही प्रश्नांत विचाराला 15 सेकंद, उत्तराला 45. सुरुवातीला मायक्रोफोनची चाचणी म्हणून प्रत्येकाला स्वतःच्या शहराचे वर्णन करायला सांगत. पडद्यांनी विभागलेल्या खोलीत तीस-चाळीस जण आगेमागे तेच वाक्य उच्चारू लागत, आणि ज्याचा ऐकण्याचा भाग अजून चालू असे त्याच्या कानावर तो गलका आदळे. तयारीत शेजारच्या आवाजाला न जुमानण्याचाही सराव आला. आयेल्ट्समध्ये परीक्षक समोर बसतो आणि विषयाचे कार्ड देऊन दोन मिनिटांपर्यंत बोलायला सांगतो. चिनी विद्यार्थी त्यासाठी एकच गोष्ट अशी रचतात की आजी, जुनी भेटवस्तू, आठवणीतला प्रवास, कोणतेही कार्ड आले तरी ती बसावी. आठ भागांच्या निबंधाचे नाते इथे स्पष्ट ओळखू येते.

2013 च्या डिसेंबरपासून महाविद्यालयीन परीक्षेत एका परिच्छेदाचे चिनीतून इंग्रजीत भाषांतर आले. त्या वेळचे विषय होते रेशीम मार्ग, शरद पौर्णिमेचा सण, चिनी बागा. इतकी वर्षे परक्या जगाबद्दलचे उतारे वाचणाऱ्या मुलांना आपल्या घरचा सण इंग्रजीत सांगता येत नाही, हे त्या दिवशी कळले. या परीक्षेतल्या सर्व बदलांत हा सर्वांत अर्थपूर्ण म्हणावा लागेल.

2021 च्या जुलैमध्ये सरकारने शाळकरी मुलांच्या नफ्यावर चालणाऱ्या शिकवण्यांवर निर्बंध घातले. न्यू ओरिएंटलने केंद्रे बंद केली, हजारो बाके खेड्यांतल्या शाळांना दिली आणि ऑनलाइन शेतमाल विकायला घेतला. 2022 च्या जूनमध्ये तिचे एक इंग्रजी शिक्षक, दोंग युहुई, कॅमेऱ्यासमोर मांस आणि तांदूळ विकता विकता पांढऱ्या फळ्यावर त्या वस्तूंची इंग्रजी नावे लिहून समजावू लागले आणि लाखो लोक ते पाहायला थांबले. परदेशी जाणाऱ्या प्रौढांच्या परीक्षांची शिकवणी मात्र या निर्बंधांबाहेर होती. आयेल्ट्सची बोलण्याची कार्डे दर चार महिन्यांनी बदलतात. जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांत परीक्षा देऊन आलेले विद्यार्थी आजही आठवतील तेवढे प्रश्न लिहून काढतात, आणि पुढच्यांची तयारी त्या यादीपासून सुरू होते.