पितळी समई : धातू, हात आणि ज्योत

देवघरापुढे तेवणारी पितळी समई ही महाराष्ट्रातील हिंदू कुटुंबजीवनाची एक ठळक खूण आहे. दिवेलागणीच्या वेळी ती उजळावी, घरातील मुलांनी हात जोडून शुभंकरोती म्हणावी, सणवारी तिला घासूनपुसून हळदकुंकू वाहावे, असा हा परिपाठ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. पूजेचे एक उपकरण एवढ्याच दृष्टीने तिच्याकडे पाहिले जाते. परंतु एखादी वस्तू कोणत्या धातूची आहे, ती कोणाच्या हाती शोभते असे समाज मानतो आणि ती नाहीशी झाली असता कशाचे भय वाटते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत त्या समाजाचा इतिहास दडलेला असतो. प्रस्तुत लेखात आम्ही याच तीन प्रश्नांच्या आधारे पितळी दिव्याचा विचार करणार आहोत.

प्रथम दिव्यांच्या प्रकारांची ओळख करून घेऊ. समईला खाली रुंद बैठक, मध्ये कातीव दांडा, त्यावर वाती ठेवण्यासाठी चोची असलेली तेलाची वाटी आणि शेंड्यावर कळस, हंस किंवा मोर असतो. तुपाच्या फुलवातीचे लहान निरांजन ओवाळण्यासाठी, पाच वातींची पंचारती आरतीसाठी, तर साखळीने टांगलेला लामणदिवा देवघरासाठी व मंगलकार्यासाठी वापरला जातो. दोन्ही हातांत दिवा धरून उभ्या असलेल्या स्त्रीच्या आकृतीस दीपलक्ष्मी म्हणतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात या सर्व प्रकारांचा मोठा संग्रह असून, तो जमविणारे डॉ. दि. गं. केळकर (१८९६–१९९०) यांनी भारतीय दिव्यांवर स्वतंत्र ग्रंथही लिहिला आहे. दिव्यांच्या घडणीतील कौशल्य पाहिले म्हणजे अनाम ओताऱ्यांच्या कारागिरीपुढे मान लवते, हे येथे मोकळेपणाने नमूद केले पाहिजे.

या दिव्यांना चिकटलेले अर्थ मात्र एकसारखे नाहीत. पाच वाती म्हणजे पंचमहाभूते, असे कोणी सांगतात. बैठक ब्रह्मा, दांडा विष्णू व शेंडा शिव, असेही कोणी सांगतात. आषाढ अमावास्येला घरातील सारे दिवे उजळून पाटावर मांडतात व त्यांचीच पूजा करतात. म्हणजे त्या दिवशी दिवा हे पूजेचे साधन न राहता स्वतःच पूज्य होतो. शुभंकरोतीतील मागणे पाहिले तर ते आरोग्याचे, धनसंपदेचे आणि शत्रुबुद्धीच्या नाशाचे आहे. दिवा म्हणजे लक्ष्मी, दिवा म्हणजे घराची भरभराट, आणि ‘वंशाचा दिवा’ म्हणजे मुलगा. भाषेत रुजलेला हा शेवटचा अर्थ कोणत्याही पोथीपेक्षा अधिक बोलका आहे.

आता धातूचा प्रश्न. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. संस्कृतात त्यास रीति, आरकूट अशी नावे आहेत व आरकूट हा शब्द पालीतही येतो. पितळ करणे ही प्राचीन काळी सोपी गोष्ट नव्हती. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळून वाफ होऊन जाते. त्यामुळे ते धातुकापासून वेगळे काढणे अवघड असते. म्हणून प्रथम तांबे, जस्ताचा धातुक व कोळसा बंद मुशीत एकत्र तापवून पितळ केले जाई. पुढे राजस्थानात उदयपूरजवळील जावर येथे जस्ताची वाफ खाली उतरवून थंड करण्याची पद्धत मध्ययुगात मोठ्या प्रमाणावर वापरात आली. तेथील भट्ट्यांचे अवशेष १९८० नंतरच्या दशकातील उत्खननांत उजेडात आले. सोन्यासारखा रंग, साच्यात ओतण्यास सोयीचा स्वभाव आणि चिंचेने घासताच परतणारी झळाळी, या गुणांमुळे पितळ हे घरोघरीच्या दिव्यांचे आवडते द्रव्य झाले. हा धातू एका धर्माचा कधीच नव्हता. सातव्या शतकात आलेला चिनी यात्रिक ह्युएनत्संग याने नालंदा येथे राजा शीलादित्य हर्षाने बांधावयास घेतलेल्या पितळी विहाराचा उल्लेख केलेला आहे.

धातू सर्वांचा असला तरी तो वापरण्याचा अधिकार सर्वांचा नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी फुटक्या भांड्यांत जेवावे, लोखंडाचे अलंकार घालावेत व प्रेतावरील वस्त्रे नेसावीत, असा दंडक आहे. हा दंडक पोथीतच राहिला, असे म्हणता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात अहमदाबाद जिल्ह्यातील झानू गावची नोव्हेंबर १९३५ मधील घटना दिली आहे. तेथील सुस्थितीतील अस्पृश्य कुटुंबांतील स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, एवढ्याच कारणावरून सवर्णांनी त्यांच्यावर हल्ला केला. गरीब कुणब्याच्या घरीही समई नसे, पणतीच असे, हे खरे. परंतु त्याच्या आड येत होते ते दारिद्र्य. झानूच्या स्त्रियांजवळ पैसा होता, भांडी होती. नव्हता तो अधिकार. पाण्याच्या धातूच्या घागरीने जेथे सवर्णांचा अपमान होत होता, तेथे गावकुसाबाहेरच्या घरातील पितळी समईचा प्रकाश किती जणांच्या डोळ्यांत खुपला असता, याची कल्पना वाचकांनीच करावी. समईच्या झळाळीस शुभ म्हणताना ही दुसरी बाजू विसरून चालणार नाही.

येथे विनयपिटकातील एक नियम लक्षात घेण्यासारखा आहे. राजगृह येथील चंदनाच्या पात्राच्या प्रसंगानंतर तथागतांनी सोने, रुपे, कांसे, तांबे इत्यादींची भिक्षापात्रे निषिद्ध ठरविली आणि केवळ लोखंड व माती या दोनच द्रव्यांच्या पात्रांस अनुमती दिली. मनुस्मृतीने जे लोखंड हीनत्वाची खूण म्हणून लादले, तेच संघात कोणत्याही कुळातून आलेल्या भिक्षूच्या हाती दिसत होते. धातूला प्रतिष्ठा वा अप्रतिष्ठा ही माणसे देतात, हे यावरून स्पष्ट होते.

दुसरा प्रश्न हाताचा. निरांजनाने ओवाळण्याचा मान परंपरेने सवाष्णीचा आहे. लग्नातील करादिवा, हळदकुंकवाचे दिवे, औक्षण या सर्वांत नवरा हयात असलेली स्त्री पुढे असते आणि विधवेस मागे राहावे लागते. दीपलक्ष्मीच्या मूर्तीत दिवा स्त्रीच्याच हाती दिला खरा. पण तो कोणत्या स्त्रीच्या हाती, याचा निर्णय तिच्या नवऱ्याच्या आयुष्यावर सोपविला. आज अनेक घरांतून ही प्रथा सैल झाली आहे व ती मोडणाऱ्या हिंदू स्त्रियांचे धैर्य आदरास पात्र आहे. तथापि प्रथेचा अर्थ तिच्या मोडण्याने बदलत नाही, तो उघडा पडतो.

या पार्श्वभूमीवर थेरीगाथेतील पटाचारा थेरीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. श्रावस्तीच्या श्रेष्ठीच्या या कन्येचा पती सर्पदंशाने गेला, दोन्ही मुले वाटेतील नदीपाशी गेली आणि माहेरचे घर वादळात कोसळून आईवडील व भाऊही गेले, अशी तिची कथा अट्ठकथेत येते. वेड्यासारखी भटकत ती जेतवनात आली, शुद्धीवर आली व पुढे भिक्षुणींमध्ये विनयात अग्रगण्य ठरली. तिच्या गाथांत एका रात्रीचे वर्णन आहे. ती हाती दिवा घेऊन आपल्या खोलीत जाते, मंचकावर बसते आणि सुईने वात खाली ओढते. दिवा विझतो, त्याच क्षणी तिचे चित्त मुक्त होते. लोकरूढीने जिला अशुभ म्हटले असते, जिच्या ‘वंशाचे दिवे’ विझले होते, तिच्याच हातात पालि वाङ्मयाने आपला सर्वांत अर्थपूर्ण दिवा दिला आहे.

हा केवळ काव्याचा विषय नव्हे, याला शिलालेखांचा पुरावा आहे. सांची येथील गुप्त संवत १३१, म्हणजे इ.स. ४५०–५१ च्या लेखात उपासिका हरिस्वामिनी हिने आपल्या मातापित्यांस उद्देशून केलेले दान कोरलेले आहे. एका भिक्षूच्या नित्य भोजनासाठी तिने १२ दीनार दिले. रत्नगृहात बुद्धापुढे रोज तीन दिवे लागावेत म्हणून ३ दीनार आणि चार बुद्धांच्या आसनस्थानी एक दिवा लागावा म्हणून १ दीनार दिला. मुद्दल कायम ठेवून व्याजातून खर्च चालावा, अशी ही व्यवस्था होती. तेथीलच इ.स. ४१२–१३ च्या आम्रकार्दवाच्या लेखातही भिक्षूंच्या भोजनाबरोबर रत्नगृहातील दिव्याची तरतूद आहे. या लेखांत दिव्याच्या धातूचा बडेजाव नाही. काळजी आहे ती दिवा रोज लागण्याची.

याच सुमारास फाहियान याने पाटलिपुत्र येथील मूर्तींच्या रथयात्रेचे वर्णन केले आहे. त्यात रात्रभर दिवे तेवत असल्याचे व बुद्धमूर्तींना नगरात येण्याचे निमंत्रण ब्राह्मण देत असल्याचे तो सांगतो. वैदिक यज्ञात केंद्रस्थानी अग्नी होता. गंध, पुष्प, धूप, दीप व नैवेद्य अर्पण करण्याची पूजापद्धती त्याहून निराळी आहे, आणि ती बौद्ध, जैन व ब्राह्मणी परंपरांत शेजारीशेजारी वाढलेली दिसते. म्हणून दीपपूजा मूळची एकट्या अमुक धर्माची, असा दावा कोणीही करू नये. दिवा समाईक होता. त्यावर चढलेले अर्थ निरनिराळे होते.

तिसरा प्रश्न ज्योतीचा. हिंदू घरात दिवा ‘विझला’ असे म्हणत नाहीत. तो ‘मालवला’ किंवा ‘शांत झाला’ असे म्हणतात. नवरात्रातील नंदादीप नऊ दिवस अखंड तेवला पाहिजे. मध्येच गेला तर घरावर अरिष्ट येईल, अशी धास्ती असते. ज्या घरावर दारिद्र्य, रोगराई व अपमृत्यू यांची छाया असे, त्या घराची ही धास्ती आम्ही समजू शकतो. परंतु नंदकोवादसुत्तात नंदक थेर भिक्षुणींना विचारतात, की तेल अनित्य, वात अनित्य, ज्योत अनित्य. मग त्या दिव्याची प्रभा तेवढी नित्य, असे म्हणणे योग्य होईल काय? भिक्षुणी नाही म्हणतात. पटाचारेच्या गाथेत दिव्याच्या विझण्यासाठी आलेला शब्दच मुळी ‘निब्बान’ हा आहे. एका परंपरेने ज्याला भयाचे स्थान मानले, तेच दुसरीत दुःखमुक्तीची उपमा झाले.

आज काही बौद्ध घरांतून वंदनेच्या वेळी मेणबत्तीऐवजी पितळी दिवा लावला जातो आणि तो लावावा की न लावावा, यावर वाद होतो. आमच्या मते इतिहासाचे उत्तर सरळ आहे. पितळाला जात नाही व ज्योतीला धर्म नाही. विनयानुसार उपोसथागारात झाडलोट करून, आसने मांडून दिवा लावावयाचा असतो. अंधारात बसलेल्यांना दिसावे, हाच त्याचा हेतू. समई घरात आली म्हणून काही बिघडत नाही. तिच्याबरोबर धातूचा अहंकार, सवाष्णपणाची अट आणि विझण्याचे भय आत आले, तर मात्र घर उजळूनही अंधारात राहील. घरातील विधवा सुनेच्या किंवा वृद्ध आईच्या हाती प्रथम काडी द्यावी आणि तिला दिवा लावू द्यावा. हरिस्वामिनीच्या चार दिव्यांचा अर्थ तेथे पुन्हा प्रकट होईल.