बंदिवान खलाशी आणि राष्ट्राचे ऋण

राष्ट्राचा अभिमान आणि राष्ट्रातील माणसाचा जीव या दोन गोष्टी एरवी एकमेकींच्या आड येत नाहीत. परंतु परमुलखाच्या किनाऱ्यावर आपले एखादे जहाज अडविले गेले आणि त्यावरील खलाशी धरले गेले, की त्या क्षणी या दोहोंची फारकत होते. अपमान झाला तो राष्ट्राचा, असे सभांतून व वृत्तपत्रांतून सांगितले जाते. कोठडीत मात्र बसलेला असतो तो खलाशी. सूड घ्यावा की सौदा करावा, हा वाद मग घरोघर रंगतो. त्या वादात एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आपण जे करणार आहो ते आज धरलेल्या माणसांसाठी, की उद्या धरली जाण्याचा संभव असलेल्या माणसांसाठी? आमच्या मते हे दोन हिशेब अगदी निराळे आहेत. आणि या बाबतीत इतिहासात जे अनर्थ घडले, त्यांतील बरेचसे एका हिशेबाची रक्कम दुसऱ्याच्या नावावर टाकल्यामुळे घडले.

इंग्लंडच्या इतिहासातील जेंकिन्सची गोष्ट अनेक वाचकांस आठवत असेल. इ. स. १७३१ मध्ये रॉबर्ट जेंकिन्स या कप्तानाचे ‘रिबेका’ नावाचे जहाज वेस्ट इंडीजहून लंडनला परतत असता क्यूबा बेटाच्या आसपास स्पॅनिश किनारारक्षकांनी अडविले. चोरट्या मालाच्या संशयावरून झडती झाली आणि कप्तानाचा एक कान कापला गेला. त्याने घरी येऊन दाद मागितली. पण तिचा फारसा गवगवा झाला नाही. सात वर्षांनी, म्हणजे १७३८ साली, हा कान एकाएकी सर्वांना आठवला. स्पेनच्या अमेरिकन वसाहतींचा व्यापार ज्यांना हवा होता ते व्यापारी, आणि मुख्य प्रधान वॉल्पोल यास ज्यांना पदच्युत करावयाचे होते ते राजकारणी, यांनी तो आठवून दिला. जेंकिन्सने आपला कान पार्लमेंटात नेऊन दाखविला, ही कथा प्रसिद्ध आहे. पण तो तेथे प्रत्यक्ष हजर होता याला भक्कम पुरावा नाही. १७३९ च्या जानेवारीत स्पेनने ९५,००० पौंड भरपाई देण्याचा करारही केला होता. तथापि देण्याघेण्याच्या तंट्यात तो मोडला आणि ऑक्टोबरात युद्ध पुकारले गेले. १७४१ साली इंग्रजांनी कार्टाजेना या बंदरास वेढा घातला तो सपशेल फसला. तोफांनी मेली त्याहून कितीतरी अधिक माणसे पीतज्वराने मेली. आणि १७४८ च्या तहात, ज्या झडतीच्या हक्कावरून हे सारे सुरू झाले, त्या हक्काचा उल्लेखदेखील नाही! एका माणसाच्या दुःखाचे भांडवल करून दुसऱ्यांनी आपला व्यवहार केला, असेच या युद्धाचे वर्णन केले पाहिजे. खुद्द ‘जेंकिन्सच्या कानाचे युद्ध’ हे नावही शतकाहून अधिक काळ लोटल्यावर कार्लाइलने दिलेले आहे.

या प्रकरणातून दुसरीही एक गोष्ट ध्यानात येते. धरणारा प्रत्येक वेळी चाचाच असतो असे नाही. स्पॅनिश किनारारक्षक आपल्या राजाचा कायदा बजावीत होते, आणि इंग्रज व्यापारी चोरटा व्यापार करीत होते हेही खोटे नव्हे. आपल्या कोकणकिनाऱ्याचेच उदाहरण घ्या. कान्होजी आंग्रे यांस इंग्रज कंपनीचे लोक चाचा म्हणत. कान्होजी मात्र मराठी राज्याचे सरखेल या नात्याने दस्तकावाचून फिरणारी गलबते धरीत. १७१२ साली त्यांनी मुंबईच्या गव्हर्नराची गलबत धरली, तेव्हा कंपनीने शिव्याशाप दिले खरे, पण पुढल्याच वर्षी तह करून माणसे सोडवून घेतली. तेव्हा संतापाने बोलण्यापूर्वी, कोणी, कोठे आणि कोणत्या हक्काने धरले, याची शांतपणे चौकशी करणे हे राष्ट्राचे पहिले काम होय. सरकारशी बोलावयाचे की लुटारूशी, हे ठरल्यावाचून पुढची भाषाच ठरत नाही.

आता दोन हिशेबांच्या मूळ मुद्द्याकडे वळू. त्याचा सर्वांत बोधप्रद दाखला अमेरिकेच्या बाल्यावस्थेत सापडतो. स्वातंत्र्य मिळाल्याने ब्रिटिश आरमाराचे छत्र नाहीसे झाले आणि १७८५ साली अल्जीअर्सच्या जहाजांनी अमेरिकेची दोन गलबते धरून एकवीस माणसे गुलामीत टाकली. लंडनमधील वकील जॉन अ‍ॅडम्स म्हणे की, पैसे देणे युद्धाहून स्वस्त पडेल. पॅरिसमधील वकील टॉमस जेफर्सन म्हणे की, आरमार बांधावे आणि लढावे. दोघेही थोर पुरुष, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. परंतु आरमार बांधण्यास पैसा नव्हता आणि मागितलेली खंडणी देण्यासही नव्हता. तेव्हा जेफर्सनने एक युक्ती योजिली. कैदी सोडविण्याचे धर्मकार्य करणाऱ्या माथुरिन पंथाच्या फ्रेंच साधूंमार्फत त्याने गुप्तपणे बोलणे चालविले. आणि भाव उतरावा म्हणून, अमेरिकेला या माणसांची पर्वा नाही असे वरून भासविले. पुढल्या खलाशांचा दर वाढू नये, हा हेतू शहाणपणाचा होता यात संशय नाही. पण त्याचे मोल कोणी दिले? आपल्या देशाने आपल्याला टाकले असे समजून अल्जीअर्समध्ये दिवस कंठणाऱ्या त्या एकवीस जणांनी! त्यांच्यापैकी काही तेथेच मेले. बाकीच्यांपैकी बहुतेक १७९६ साली, म्हणजे अकरा वर्षांनी सुटले.

दरम्यान १७९३ साली, पोर्तुगालची जहाजे जिब्राल्टरची सामुद्रधुनी राखीत होती ती तहामुळे दूर होताच, आणखी अकरा अमेरिकन गलबते आणि शंभराहून अधिक खलाशी धरले गेले. १७९५ च्या तहाने अमेरिकेने ६,४२,५०० डॉलर रोख आणि शिवाय दरसाल जहाजी सामान देण्याचे कबूल केले. म्हणजे भाव उतरविण्याची युक्ती माणसांनाही उपयोगी पडली नाही आणि तिजोरीलाही नाही. ज्याने खरोखर फरक पडला, ती गोष्ट निराळी होती. १७९४ साली सहा लढाऊ जहाजे बांधण्याचा कायदा झाला. त्यातून वाढलेल्या आरमाराच्या बळावर १८१५ साली अल्जीअर्सशी खंडणीवाचून तह करता आला. दुसरा हिशेब फिटला तो असा: जहाजांनी, दीर्घ तयारीने. कैद्यांच्या हालांनी तो फिटला नाही.

खंडणी दिल्याने चाचे सोकावतात, हा आक्षेप वाचक येथे अवश्य घेतील, आणि तो खोटा नाही. दिलेला पैसा पुढल्या धाडीचे भांडवल होतो. पण त्यावरून एवढेच निघते की, पैसे देऊन स्वस्थ बसणे हा मूर्खपणा आहे. कैद्यांना तेथेच कुजू देणे हे शहाणपण आहे, असे निघत नाही. ज्याला राष्ट्राच्या व्यापारासाठी समुद्रावर धाडले, त्याचे राष्ट्रावर ऋण आहे. भविष्यातील सुरक्षिततेचा खर्च सर्व समाजाने कर भरून उचलावयाचा असतो. तो मूठभर कैद्यांकडून वसूल करणे हा अन्याय होय.

शौर्याचीही हीच गोष्ट आहे. १८०३ साली अमेरिकेची ‘फिलाडेल्फिया’ ही युद्धनौका ट्रिपोलीपाशी खडकावर रुतली आणि तिच्यावरील ३०७ माणसे कैद झाली. पुढल्या फेब्रुवारीत लेफ्टनंट डिकेटरने रात्री बंदरात शिरून ती जहाज शत्रूच्या हाती राहू नये म्हणून जाळली. पराक्रम खरोखर अद्भुत होता, आणि लष्करी दृष्ट्या योग्यही होता. परंतु त्याने एकही कैदी सुटला नाही. ते सुटले १८०५ साली, तहाने आणि ६०,००० डॉलर मोजून.

विसाव्या शतकातील दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. १९६८ च्या जानेवारीत उत्तर कोरियाने अमेरिकेची ‘प्वेब्लो’ ही टेहळणी जहाज धरली. एक माणूस मेला आणि ब्याऐंशी जण अकरा महिने मारहाण सोसत कैदेत राहिले. शेवटी अमेरिकन सेनापतीने, हा मजकूर खोटा आहे आणि केवळ माणसे सोडविण्यासाठी मी सही करीत आहे, असे आधी जाहीर करून कोरियाच्या माफीपत्रावर सही केली; आणि २३ डिसेंबरला ब्याऐंशी माणसे पूल ओलांडून परत आली. जहाज गेली, शब्द गेले, माणसे आली. याच्या उलट १९७५ च्या मे महिन्यात कंबोडियाने ‘मायाग्वेझ’ ही मालवाहू जहाज धरली, तेव्हा व्हिएतनाममधील पराभव ताजा होता आणि राष्ट्राचा मान सांभाळण्याची घाई होती. तीनच दिवसांत कोह तांग बेटावर हल्ला झाला. खलाशी त्या बेटावर नव्हतेच. हल्ला चालू असताच कंबोडियाने त्यांना एका मासेमारी होडीतून सोडून दिले. सुमारे चाळीस खलाशी परत आले खरे, पण त्या स्वारीत, वाटेतील हेलिकॉप्टरच्या अपघातासह, एक्केचाळीस अमेरिकन सैनिक मेले. कोरियापुढे सही करणाऱ्याची त्या वेळी नालस्ती झाली आणि कोह तांगच्या स्वारीचा जयजयकार झाला. इतिहासाने हा निकाल फिरवावा, असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न आता आपल्या दाराशीही आलेला आहे. २०१० च्या सप्टेंबरात सोमाली चाच्यांनी ‘अस्फाल्ट व्हेंचर’ ही जहाज पंधरा भारतीय खलाशांसह पळविली. २०११ च्या एप्रिलात खंडणी पोहोचली, जहाज सुटली. पण पंधरांपैकी सात जणांना चाच्यांनी ठेवून घेतले. भारतीय आरमाराने धरलेले आमचे शंभरावर साथी आधी सोडा, अशी त्यांची मागणी होती. आरमाराने चाचे धरले हे योग्यच केले. त्यांना सोडणेही योग्य झाले नसते. परंतु समुद्र निर्वेध करण्याच्या त्या राष्ट्रकार्याचे मोल सात घरांनी २०१४ च्या ऑक्टोबरपर्यंत मोजले. पैसे मोजूनही सुटका लांबली ती राष्ट्राच्या धोरणामुळे. तेव्हा त्या घरांचा भारही राष्ट्राचाच. येथे दोन हिशेब किती सहज एक होतात ते दिसते.

मग राष्ट्राने करावे तरी काय? जेथे बळ थेट माणसांपर्यंत पोहोचते तेथे ते अवश्य वापरावे. २०२४ च्या मार्चमध्ये भारतीय आरमाराने ‘रुएन’ या जहाजेस सुमारे चाळीस तास घेरून पस्तीस चाच्यांना शरण आणले आणि बल्गेरिया, म्यानमार व अंगोला येथील सतराही खलाशी सुखरूप सोडविले. त्यात घाई नव्हती, गर्जना नव्हती. जेथे बळ पोहोचत नाही तेथे वाटाघाट करावी. शब्दांनी भागत असेल तर शब्द खर्चावे. आणि जे उरेल ते वैर, कर, कायदा आणि आरमार यांच्या द्वारे माणसे परत आल्यावर चुकते करावे.

शिवाय एक लहान वाटणारी, पण आमच्या मते कसोटीची बाब आहे. इंग्रजी सागरी कायद्यात जुना नियम असा होता की, जहाजेला भाडे मिळाले तरच खलाशाला पगार. जहाज बुडाली वा शत्रूने नेली तर पगारही बुडाला. हा नियम १८५४ च्या कायद्याने गेला. कैदेतील खलाशाचा पगार चालूच राहिला पाहिजे, असे सागरी श्रमिकांच्या आंतरराष्ट्रीय करारात स्पष्ट लिहिले जाण्यास २०१८ साल उजाडावे लागले, आणि ती दुरुस्ती २०२० च्या डिसेंबरात अमलात आली. ज्या जगाने खलाशाच्या नावाने इतकी युद्धे केली, त्याला त्याच्या बायकोच्या हाती महिन्याचा पगार द्यावा हे सुचण्यास इतका काळ लागला! एखाद्या राष्ट्राला आपल्या बंदिवान खलाशांची खरी चाड आहे की नाही, हे त्याच्या तोफांच्या आवाजावरून आम्ही ठरविणार नाही. त्याच्या घरी पगार पोहोचतो की नाही, आणि तो स्वतः किती लवकर घरी पोहोचतो, एवढेच आम्ही विचारू.