लिलावाची बोली आणि जुन्या मोटारीचे मोल

मी राहतो चारकोपला. कांदिवली स्टेशनाच्या पश्चिमेस, खाडीच्या अंगाला. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने येथे वसाहत उभी केली. पण हा सारा मुलूख म्हणजे जुने साष्टी बेट. १५३४ साली ते पोर्तुगीजांच्या हाती गेले. १७३९ सालापर्यंत मराठ्यांनी ते जिंकले. पोर्तुगीज गेले, पण त्यांचे पाव, बटाटा, चावी हे शब्द आपल्या तोंडी राहिले. त्यांतलाच एक शब्द लिलाव.

लिलाव म्हटले की आज तुम्हांला लासलगावचा कांदाबाजार आठवेल. पण आपल्या आजोबा-पणजोबांना या शब्दाची धास्ती होती. १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. का? तर कोर्टाचा हुकूमनामा आला, की पाठोपाठ जप्ती आणि लिलाव ठरलेला! शेवटी १८७९ साली सरकारने कायदा केला, की शेतकऱ्याने जमीन स्पष्टपणे गहाण लिहून दिली नसेल, तर कर्जापायी तिचा लिलाव करता येणार नाही.

आता त्याच शब्दाचे दुसरे रूप पाहा. एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, जुनी मोटार नवीपेक्षा महाग कशी?" मी त्याला जर्मनीतली गोष्ट सांगितली. मर्सिडीज कंपनीने १९५५ साली शर्यतीच्या जातीच्या दोनच बंद मोटारी बांधल्या होत्या. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ल मान्सच्या शर्यतीत भीषण अपघात होऊन ऐंशीहून अधिक माणसे दगावली. वर्षअखेर कंपनी शर्यतींतून बाहेर पडली आणि या मोटारी शर्यतीत उतरल्याच नाहीत. ५ मे २०२२ रोजी स्टुटगार्ट येथे निमंत्रितांसमोर त्यांतल्या एकीचा लिलाव झाला. किंमत आली १३ कोटी ५० लाख युरो! हा पैसा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी ठेवण्यात आला.

म्हणजे मोल लोखंडाचे नव्हे. दुर्मिळपणाचे आणि इतिहासाचे. मुंबईतही याचा एक उलटा दाखला घडला. डिसेंबर २०१५ मध्ये कुलाब्याच्या एका हॉटेलात दाऊद इब्राहिमच्या जप्त मालमत्तेचा लिलाव झाला. त्यात एक हिरवी, जुनी ह्युंदाई मोटार होती. स्वामी चक्रपाणी यांनी ती ३२,००० रुपयांना घेतली, आणि त्याच महिन्यात गाझियाबादला नेऊन जाळून टाकली. मोटार साधीच, पण बोली लागली ती नावावर.

कुणाला अशी जुनी मोटार घ्यायची हौस असेल, तर दोन-चार गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. १९३०च्या माल-विक्री कायद्याप्रमाणे हातोडा पडला की सौदा पुरा होतो. तोवर आपली बोली मागे घेता येते. विकणाऱ्याने आधी जाहीर न करता आपलाच माणूस बोलीला बसवला, तर ती लबाडी ठरते. भाव फुगवण्यासाठी खोटी बोली लावली असेल, तर घेणाऱ्याला सौदा रद्द करता येतो. माल बहुधा 'जसा आहे तसा' मिळतो. म्हणून आदल्या दिवशीच जाऊन इंजिनाचा व सांगाड्याचा नंबर कागदपत्रांशी ताडून पाहावा, मोटारीवर कर्जाचा बोजा आहे का ते विचारावे. पन्नास वर्षांवरच्या मोटारींसाठी २०२१ पासून वेगळी नोंदणी आहे. पण अशी मोटार रोजच्या कामाला वापरता येत नाही, हेही विसरू नये.

आणि मुख्य गोष्ट: आपला आकडा घरीच कागदावर लिहून खिशात ठेवावा. तिथे बोलीला बोली चढते, शेजारच्याची ईर्षा येते आणि शहाणा माणूसही हात वर करून बसतो.

शिक्षकबंधूंनो, वर्गात एकदा साध्या पेन्सिलीचा लिलाव करून पाहा. भाव कसा चढतो ते मुलांना लगेच कळेल. मग त्यांना सुप्याची हकीकत सांगा. हौसेने बोली लावणारा केव्हाही थांबू शकतो. ज्याचे घर लिलावात निघते, त्याला 'थांबा' म्हणता येत नाही. एकाच हातोड्याच्या या दोन बाजू मुलांना उमगल्या, तर इतिहासाचा तास सार्थकी लागला म्हणायचा.