झाडावरचा नेम आणि गवंड्याचा ओळंबा

जंगलात झाडावर मचाण बांधून एक शिकारी बसला आहे. मचाण जमिनीपासून ६ मीटर उंच आहे. बुंध्यापासून २० मीटरवर हरीण चरते आहे. शिकाऱ्याच्या हाती धनुष्य आहे. सपाट जमिनीवर २० मीटरवरचा नेम त्याचा पक्का आहे. आता उंचावरून खाली बाण सोडताना त्याने नेम थोडा वर धरावा, खाली धरावा की नेहमीसारखाच ठेवावा?

हा प्रश्न आम्ही विज्ञान शिक्षकांसमोर ठेवतो तेव्हा उत्तरे तिन्ही येतात आणि वादही चांगला रंगतो. प्रश्नातला शिकारी आपल्याकडचा नाही, हे आधी सांगितले पाहिजे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी वन्य प्राण्यांची शिकार बंद झाली आहे. अमेरिकेत मात्र ठरलेल्या हंगामात, परवाना काढून, धनुष्यबाणाने हरणाची शिकार करता येते. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली असा हंगाम प्रथम जाहीर केला. तेथील शिकारी आजही झाडावर बसतात आणि धनुष्यावर नेम धरण्याचे कोणते साधन लावावे याचा खल करतात. या साधनाला ते 'साइट' म्हणतात. या छोट्या साधनाचा इतिहास पाहिला तर शाळेतले बरेचसे भौतिकशास्त्र आणि भूमिती त्यात सापडते.

बाण सरळ रेषेत जात नाही, हे धनुर्धराला अनुभवाने फार पूर्वीपासून ठाऊक होते. त्याचे गणित मात्र उशिरा आले. इटलीतील टार्टाग्लिया याने १५३७ साली तोफगोळ्यांच्या मार्गावर पुस्तक लिहिले. त्यानंतर शंभर वर्षांनी, १६३८ साली, गॅलिलिओने दाखवून दिले की हवेचा विरोध सोडला तर फेकलेल्या वस्तूचा मार्ग अन्वस्त असतो. इंग्लंडमधील होरेस फोर्ड या विजेत्या धनुर्धराने १८५६ साली आपले पुस्तक प्रसिद्ध केले. प्रत्यंचा कानापर्यंत ओढण्याची जुनी रीत सोडा आणि बाण नेम धरणाऱ्या डोळ्याच्या बरोबर खाली आणा, असा त्याचा आग्रह होता. बाण आणि दृष्टी एका उभ्या प्रतलात आणली की डावीकडे-उजवीकडे होणारी चूक टळते. मग प्रश्न उरतो तो फक्त वर-खालीचा.

शिकारीतली गोष्ट वेगळी होती. ऑगस्ट १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ इशी नावाने पुढे ओळखला गेलेला माणूस आढळला. याही जमातीतला तो अखेरचा. त्याच्यावर उपचार करणारे शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य बनवायला आणि चालवायला शिकले. १९१६ साली इशी क्षयाने वारला. पोप यांचे पुस्तक १९२३ साली निघाले आणि अमेरिकेत धनुष्याच्या शिकारीला नवे चाहते मिळाले. इशीजवळ साइट नव्हती. सावजाच्या जितके जवळ जाता येईल तितके जायचे, ही त्याची पद्धत होती.

पुढे भौतिकशास्त्रज्ञ या विषयाकडे वळले. क्लॅरन्स हिकमन हे त्यांतले एक. रॉकेटचे जनक गॉडार्ड यांच्याबरोबर त्यांनी काम केले होते. पॉल क्लॉपस्टेग हे दुसरे. धनुष्याच्या शास्त्रावरील त्यांचे लेख १९४७ साली पुस्तकरूपाने आले. मग मिसूरीतील हॉलेस विल्बर ॲलन यांनी धनुष्याच्या टोकांना विकेंद्री चाके बसवली. या कंपाउंड धनुष्याचे पेटंट त्यांना १९६९ साली मिळाले. साधे धनुष्य जितके ओढावे तितके जड होत जाते. कंपाउंड धनुष्य मात्र पूर्ण ओढल्यावर हलके होते. त्यामुळे धनुर्धराला काही सेकंद स्थिर थांबता येऊ लागले, आणि साइटमधून शांतपणे पाहण्याला अर्थ आला.

साधी साइट म्हणजे धनुष्याच्या मुठीच्या वर, एकाखाली एक बसवलेल्या तीन-चार पिना. वरची पिन जवळच्या अंतरासाठी, खालची लांबच्या. २० मीटरसाठी जी पिन, ती हरणावर आणायची आणि बाण सोडायचा.

आता सुरुवातीचा प्रश्न फळ्यावर मांडू. हिशेब सोपा राहावा म्हणून हवेचा विरोध आणि डोळा व बाण यांतील अंतर आम्ही सोडून देत आहोत. बाणाचा वेग सेकंदाला ८० मीटर धरू. सपाट जमिनीवर २० मीटर जायला त्याला पाव सेकंद लागतो. तेवढ्यात तो सुमारे ३१ सेंटीमीटर खाली येतो. हे भरून काढण्याइतके धनुष्य वर उचलायचे, हेच पिनेचे काम. झाडावरून पाहिले तर हरणापर्यंतचे तिरके अंतर पायथागोरसच्या सिद्धांताने २०.९ मीटर भरते. पण तिरक्या मार्गावर गुरुत्वाकर्षणाचा एक भाग बाणाच्या दिशेनेच लागतो. बाणाला मार्गापासून ढळवतो तो फक्त आडवा भाग, म्हणजे कोनाच्या कोसाइनइतका. तिरके अंतर गुणिले कोसाइन म्हणजे पुन्हा क्षितिजसमांतर अंतर. ते २० मीटरच. म्हणून पिन २० मीटरचीच घ्यायची. तिरके अंतर धरणारा शिकारी नेम उगाच वर धरेल.

पण किती वर? येथे आम्हालाही आश्चर्य वाटले. चूक होते जेमतेम दीड सेंटीमीटर. झाडावरून बाण वर जातात ही तक्रार जुनी आहे, परंतु तिचा बहुतेक दोष उताराकडे जात नाही. शिकारी कमरेतून वाकण्याऐवजी नुसता हात खाली करतो, त्यामुळे डोळा आणि प्रत्यंचा यांचा मेळ बिघडतो. हे एक कारण. दुसरे कारण अंतराचा अंदाज. २० मीटरवरचे हरीण २५ मीटरवर आहे असे समजून नेम धरला, तर बाण सुमारे ८ सेंटीमीटर वर जातो. बाणाचा वेग सेकंदाला ५० मीटरच असेल, तर हीच चूक सुमारे २० सेंटीमीटरची होते. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण २० सेंटीमीटर रुंद. त्याच्या मध्यावर नेम असेल तर पहिला बाण आत लागतो, दुसरा बाहेर. बाहेर लागलेल्या बाणाने हरीण तेथेच पडत नाही. जखमी होऊन पळते आणि दूर कोठेतरी तळमळत राहते. अंदाजातल्या पाच मीटरची किंमत अशी एक मुका जीव मोजतो.

या अडचणीवर विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत एक युक्ती लोकप्रिय होती: लंबक साइट. हिची एकुलती पिन मोकळ्या लोंबत्या दांडीला जोडलेली असते. धनुष्य खाली कलले तरी दांडी गवंड्याच्या ओळंब्यासारखी उभीच राहते, आणि पिन धनुष्याच्या मानाने आपोआप वर सरकते. मचाणाची उंची ठाऊक असेल, तर खाली पाहण्याच्या कोनावरून अंतर निघते. उंची ६ मीटर असता कोन ३१ अंश म्हणजे अंतर १० मीटर, १६.७ अंश म्हणजे २० मीटर, ११.३ अंश म्हणजे ३० मीटर. अंदाज करण्याचे काम शिकाऱ्याच्या मनाकडून ओळंब्याकडे गेले.

या युक्तीची मर्यादाही त्याच आकड्यांत आहे. १० पासून २० मीटरपर्यंत कोन १४ अंशांनी बदलतो, २० पासून ३० पर्यंत फक्त ५ अंशांनी. एका अंशाची चूक १० मीटरवर जेमतेम ४० सेंटीमीटरची, पण ३० मीटरवर ती ३ मीटरची होते. शिवाय जमीन सपाट हवी आणि मचाणाची उंची बदलली की साइट पुन्हा जुळवायला हवी. पुढे धनुष्ये अधिक वेगवान झाली, लेसरने अंतर मोजणारी उपकरणे हाती आली, आणि लंबक साइट मागे पडली. काही राज्यांत धनुष्यावर इलेक्ट्रॉनिक साधन लावण्यास मनाई आहे. तेथे जुना उपाय चालतो: मचाणावर बसल्याबरोबर आपल्या डोळ्यांच्या पातळीत आसपासच्या झाडांचे अंतर मोजून ठेवायचे. हे अंतर क्षितिजसमांतर असते, म्हणजे पिनेला हवे तेच!

हा प्रयोग धनुष्याशिवाय शाळेत करता येतो. कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून खाली खडा लटकवा. शाळेच्या वरच्या मजल्याच्या सज्जातून मैदानावरच्या खुणा या कोनमापकाच्या सरळ कडेवरून पाहा आणि कोन वाचा. उंचीत डोळ्यांपर्यंतची उंची धरा. मुलांना आधी अंतराचा नुसता अंदाज लिहायला सांगा, मग कोनावरून काढायला सांगा आणि शेवटी टेपने मोजायला लावा. तीन रकाने शेजारी शेजारी ठेवले, की आपल्या डोळ्यांवर कितपत विसंबावे हे मुले स्वतःच सांगतील.