मालकाचंच ऐकणारी होडी

१८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विजेच्या उपकरणांचं प्रदर्शन भरलं होतं. निकोला टेस्लाने तिथल्या हौदात चारेक फूट लांबीची एक होडी सोडली. तिला तार नव्हती, दोरी नव्हती, आत माणूस बसेल एवढी जागाही नव्हती. टेस्ला काठावरच्या पेटीचा दांडा फिरवी आणि होडी वळे, थांबे, दिवे उघडझाप करी. प्रेक्षकांनी होडीला ६४ चं घनमूळ विचारलं आणि तिने चार वेळा दिवा लुकलुकवून उत्तर दिलं, असा किस्सा सांगतात. दिवा लुकलुकवणारा अर्थातच टेस्ला होता. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला ६१३८०९ क्रमांकाचं पेटंट मिळालं. आज तळ्यावर रिमोटची बोट चालवणाऱ्या प्रत्येकाचा हा मूळपुरुष.

होडीच्या पोटात काय होतं? एका छोट्या नळीत धातूची पूड. रेडिओलहर आदळली की पुडीचे कण एकमेकांना चिकटल्यासारखे होतात आणि त्यांतून वीज वाहू लागते. याच जातीच्या लहरींनी कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी काही वर्षं आधी दूरची घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू उडवून दाखवली होती. टेस्लाच्या नळीची खुबी अशी, की प्रत्येक इशाऱ्यानंतर ती उलटी होई, पूड मोकळी होई आणि नळी पुढच्या इशाऱ्याला तयार राही. प्रत्येक इशाऱ्याला आतलं चक्र एक घर पुढे सरके. सुकाणू एका बाजूला, थांबा, दुसऱ्या बाजूला, पुन्हा थांबा, असा तो क्रम. चालवणाऱ्याने हा हिशेब डोक्यात ठेवायचा.

पण पुडीला लहर कोणाची हे कळत नाही. शेजारी दुसऱ्या कुणी ठिणगी पाडली, तरी चक्र सरकणारच. रिमोटच्या होडीची खरी अडचण ही आहे, आणि पुढची सव्वाशे वर्षं माणसं हीच सोडवत आली. इशारा दूरवर पोचवणं त्या मानाने सोपं होतं. होडीने दुसऱ्या कुणाचं ऐकू नये, हे अवघड.

टेस्लाला हे फार लवकर उमगलं होतं. १९०० मध्ये त्याने केलेल्या अर्जांवर १९०३ साली पेटंटं मिळाली. त्यांतली कल्पना अशी, की दोन वेगवेगळ्या कंप्रतांच्या लहरी एकाच वेळी आल्या तरच यंत्र हलेल. एकटी लहर आली तर नाही. आकड्यांच्या कुलपासारखंच हे. जग बिनतारी तारायंत्राच्या कौतुकात रमलं असताना हा माणूस ट्रान्समीटर आणि रिसीव्हरची जोडी कशी बांधायची याचा विचार करत होता. त्याच्या सगळ्या कामात ही पेटंटं फार कमी वाखाणली गेली, हे अन्यायाचं आहे.

स्पेनच्या लिओनार्दो तोरेस केवेदोने वेगळी वाट धरली. त्याच्या ‘टेलेकिनो’ यंत्रात स्पंदनांच्या संख्येवरून काय करायचं ते ठरे. १९०६ मध्ये बिल्बाओ बंदरात राजा तेराव्या आल्फोन्सोसमोर त्याने किनाऱ्यावरून होडी चालवून दाखवली.

हौशी मंडळींच्या हाती हे तंत्र खऱ्या अर्थाने आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. तेव्हाचे रिसीव्हर ‘सुपर-रिजनरेटिव्ह’ जातीचे, बहुधा एकाच व्हॉल्व्हवर चालणारे. हलके, स्वस्त आणि फार संवेदनशील. पण त्यांचे कान इतके मोठे, की आसपासच्या कंप्रतांवरचं सगळंच त्यांना ऐकू येई. एका तळ्यात एका वेळी एकच होडी, हा नियम त्यातून आला. सुकाणू फिरवायला पीळ भरलेलं रबर असे आणि इशारा आला की ते एक टप्पा सुटे. अर्ध्या शतकानंतरही क्रम टेस्लाचाच होता.

मग आले एकच कंप्रता घट्ट धरून ठेवणारे क्रिस्टल. सुपरहेट रिसीव्हर आणि क्वार्ट्झ क्रिस्टल यांच्या जोरावर २७ मेगाहर्ट्झच्या अरुंद पट्ट्यात सहा होड्या एकत्र चालवता येऊ लागल्या. प्रत्येक कंप्रतेला रंग ठरला: २६.९९५ तपकिरी, २७.०४५ लाल, २७.०९५ नारिंगी, २७.१४५ पिवळा, २७.१९५ हिरवा, २७.२५५ निळा. अँटेनाला त्या रंगाची फीत बांधायची, म्हणजे काठावरच्या सगळ्यांना कळे.

इथे एक बारकावा आहे आणि जुने सेट हाताळणाऱ्याला तो माहीत हवाच. जोडीतले दोन क्रिस्टल सारखे नसतात. तपकिरी चॅनलच्या ट्रान्समीटरमध्ये २६.९९५ चा क्रिस्टल, तर रिसीव्हरमध्ये २६.५४० चा. फरक ४५५ किलोहर्ट्झचा. रिसीव्हर स्वतःची एक लहर तयार करतो, ती आलेल्या लहरीत मिसळतो आणि उरलेला ४५५ चा फरक तेवढा गाळून घेतो. म्हणून एकावर ‘टी’ आणि दुसऱ्यावर ‘आर’ लिहिलेलं असतं. त्यांची अदलाबदल झाली तर ट्रान्समीटर ठरलेल्या पट्ट्याबाहेर बोलू लागतो. शिवाय एएमचा ट्रान्समीटर आणि एफएमचा रिसीव्हर यांचं जमत नाही, आणि ‘ड्युअल कन्व्हर्जन’ रिसीव्हरला साध्या रिसीव्हरचा क्रिस्टल चालत नाही.

एवढं करूनही एकाच रंगाचे दोघे तळ्यावर आले तर? क्लबांनी त्यावर लाकडी फळी आणि तिच्यावर प्रत्येक चॅनलची एकच खुंटी, असा तोडगा काढला. आपल्या चॅनलची खुंटी हातात असेल तरच ट्रान्समीटर चालू करायचा. ब्रिटनने होड्या आणि मोटारींना ४० मेगाहर्ट्झचा पट्टा दिला आणि ३५ चा फक्त विमानांसाठी ठेवला; अमेरिकेत होड्यांना ७५ आणि विमानांना ७२. चूक झालीच तर होडी काठावर आपटते, विमान माणसावर पडतं. ही विभागणी शहाणपणाची होती.

फळी आणि खुंटीतून सुटका करणाऱ्या कल्पनेचं एक जुनं रूप १९४२ सालच्या एका पेटंटात सापडतं. हॉलिवूडची नटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी ते घेतलं होतं. रेडिओवर चालणाऱ्या टॉर्पेडोचा इशारा शत्रूला बिघडवता येऊ नये म्हणून कंप्रता सतत बदलत ठेवायची, आणि दोन्ही टोकांना आपोआप वाजणाऱ्या पियानोसारखी भोकं पाडलेली सारखीच पट्टी फिरवायची. कंप्रता ८८, पियानोच्या पट्ट्यांइतक्याच. नौदलाने तेव्हा ती वापरली नाही. आजचे रिमोट त्या पेटंटाचे थेट वारस आहेत असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. पण दोघांनी मिळून उड्या मारायच्या आणि उड्यांचा क्रम फक्त दोघांनाच ठाऊक, हे तत्त्व तेच.

२००५ च्या आसपास २.४ गिगाहर्ट्झचे सेट छंदाच्या बाजारात रुळू लागले आणि क्रिस्टल मागे पडले. आता प्रत्येक ट्रान्समीटरला कारखान्यातूनच स्वतःचा क्रमांक मिळतो आणि रिसीव्हरला तो एकदा शिकवावा लागतो. यालाच ‘बाइंड करणं’ म्हणतात. आपल्याकडच्या मुलांच्या हाती बहुधा फ्लायस्कायचा एफएस-आय६ ट्रान्समीटर असतो. त्याच्या आयए६बी रिसीव्हरच्या ‘बी’ लिहिलेल्या पिनांवर छोटी बाइंड वायर लावायची आणि करंट द्यायचा. रिसीव्हरचा लाल दिवा भराभर लुकलुकतो. मग ट्रान्समीटरचं बाइंड बटण दाबून धरून तो चालू करायचा. दिवा स्थिर झाला की जोडी जुळली. वायर काढून टाकायची आणि दोन्ही बंद करून पुन्हा चालू करून खात्री करायची.

पण २.४ लिहिलेले दोन डबे एकमेकांशी बोलतीलच असं नाही. फुटाबाची फास्ट, स्पेक्ट्रमची डीएसएमएक्स, फ्लायस्कायची एएफएचडीएस २ए या वेगवेगळ्या भाषा आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी सुटा रिसीव्हर घेताना गिगाहर्ट्झपेक्षा हे नाव आधी वाचावं.

होडीसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. २७ मेगाहर्ट्झची लहर अकरा मीटर लांब, म्हणून जुन्या होड्यांत अँटेनाची वायर डोलकाठीपर्यंत ताणलेली असे. २.४ ची लहर साडेबारा सेंटिमीटरची. तिच्या अँटेनाचं उघडं टोक जेमतेम तीन सेंटिमीटर असतं. पण ही लहर पाण्यात लगेच विरून जाते. म्हणून ते टोक पाण्याच्या रेषेच्या वर, उभं आणि बॅटरीपासून दूर हवं. पाण्याखाली जाणाऱ्या छोट्या पाणबुड्यांचे हौशी अजून ४० आणि ७५ मेगाहर्ट्झचे जुने सेट जपून ठेवतात, ते याच कारणाने.

नवी जोडी बांधलीत की काठावरच ‘फेलसेफ’, म्हणजे इशारा तुटला की मोटर थांबवणारी सोय, तपासा: पंखा हवेत मोकळा धरून मोटर हळू चालू ठेवा आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबली पाहिजे. थांबत नसेल तर होडी पाण्यात सोडू नका. एरवी चालू करताना आधी ट्रान्समीटर आणि मग होडी. बंद करताना आधी होडी.