रणगाडा, लुना आणि रोजचा रस्ता: क्लचची एक नगरी गोष्ट



आजचा विषय जरा वेगळा वाटेल. क्लच. गाडीतला क्लच, डाव्या पायाखाली असतो तो. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याने क्लचवर काय बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. पण 'चांगलं कशाला म्हणायचं' हा आमच्या शास्त्रातला फार जुना प्रश्न आहे आणि हल्ली तो गॅरेजमध्ये रोज विचारला जातो. तरुण मुलं गाडीची ताकद वाढवून घेतात. टर्बोचा दाब वाढवतात, इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलतात. मग कंपनीचा क्लच घसरू लागतो. मग सल्ला मिळतो की चांगला क्लच टाका, रेसिंगचा. तो टाकला की हायवेवर गाडी सुसाट जाते, आणि त्याच गाडीतून माळीवाड्याच्या गर्दीत जायचं म्हटलं की घाम फुटतो. आता हा क्लच चांगला म्हणायचा की वाईट?

याचं उत्तर आपल्या नगर जिल्ह्याच्या इतिहासात सापडतं, असं आमचं म्हणणं आहे. कारण क्लचचे किती तरी अवतार या एका जिल्ह्यात नांदून गेलेत.

आधी क्लच काय करतो ते थोडक्यात बघू. इंजिन शून्य वेगावर चालत नाही, त्याला किमान फेरे लागतातच. चाक मात्र शून्यापासून सुरू होतं. फिरणारं इंजिन आणि थांबलेलं चाक यांची गाठ घालायची, तर मध्ये कोणी तरी थोडा वेळ घसरलं पाहिजे. ते काम क्लचप्लेट करते. इंजिनाला जोडलेलं फ्लायव्हील एका बाजूला, स्प्रिंगच्या जोराने दाबणारी प्रेशर प्लेट दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या मध्ये ही प्लेट. आपण ज्याला 'हाफ क्लच' म्हणतो, ती नेमकी ही घसरण्याची अवस्था.

क्लच किती ताकद धरू शकेल हे चार गोष्टींवर ठरतं: दाब किती, घर्षण किती, प्लेटची त्रिज्या किती आणि घासणारे पृष्ठभाग किती. क्लचचा सगळा इतिहास म्हणजे या चार आकड्यांची ओढाताण आहे. आणि यातला कुठलाही आकडा वाढवला की त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. कोणाला, हे आपण पुढे बघणार आहोत.

आता नगरच्या रणगाडा संग्रहालयात चला. स्वातंत्र्यानंतर चिलखती दलाचं केंद्र आणि शाळा इथे स्थिरावली, आणि १९९४ मध्ये हे संग्रहालय उभं राहिलं. तिथे रणगाड्यांच्या गर्दीत एक रोल्स-रॉइस चिलखती गाडी आहे. मूळची 'सिल्व्हर घोस्ट'. म्हणजे श्रीमंतांना आवाज न करता फिरवण्यासाठी बनवलेली मोटार. पहिल्या महायुद्धात, १९१४ पासून, इंग्रजांनी याच मोटारीच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे आणि मशीनगनचा बुरूज चढवला. वजन चार टनांच्या वर गेलं.

त्या काळच्या मोटारींमध्ये शंकूच्या आकाराचा क्लच असे. फ्लायव्हीलच्या आत शंकूसारखी पोकळी, आणि तीत जाऊन बसणारा चामडं लावलेला दुसरा शंकू. सिल्व्हर घोस्टचा क्लचही शंकूचाच होता. चामडं सुकलं की हा क्लच एकदम पकडायचा आणि गाडी उडी मारायची. तेल लागलं की घसरायचा. मग ड्रायव्हर काय करत? कडक झालेल्या चामड्याला एरंडेलासारखं तेल लावून मऊ करत, आणि फार घसरलं तर त्यावर मुलतानी माती टाकत. तेव्हा क्लच ही रोज राखायची वस्तू होती, घोड्याच्या खोगिरासारखी.

इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड या गृहस्थाने १८९७ पासून घर्षणाच्या अस्तरांवर काम सुरू केलं, आणि पुढे या अस्तरांमध्ये ॲस्बेस्टॉस आलं. ते जळत नाही, टिकतं, पकड एकसारखी देतं. क्लच सौम्य झाला. पण त्या सौम्यतेची किंमत अस्तरं बनवणाऱ्या कामगारांच्या आणि धूळ फुंकून साफ करणाऱ्या मिस्त्रींच्या फुप्फुसांनी भरली. हे उशिरा कळलं. म्हणून आता बिनॲस्बेस्टॉसची अस्तरं वापरतात.

दुसरा अवतार रणगाड्याचा. आपल्या सैन्यात टी-५५ हा रशियन रणगाडा होता, १९७१ च्या युद्धात तो लढला. वजन ३६ टन, इंजिन ५८० अश्वशक्तीचं. एवढी ताकद एका प्लेटने धरली जाणार नाही. म्हणून त्याच्यात पोलादावर पोलाद घासणाऱ्या अनेक प्लेटांचा कोरडा क्लच. पृष्ठभाग वाढवले, दाब वाढवला. तो चालवायचा तर पायात जोर लागे आणि प्रशिक्षणही लागे. आणि ते योग्यच होतं! त्याचा ड्रायव्हर निवडलेला, शिकवलेला जवान असतो. त्याला दर पन्नास फुटांवर रिक्षा आडवी येत नाही. तिथे क्लच जड असणं हा दोष नव्हे, तो त्या कामाचा भाग आहे.

आणि तिसरा अवतार बघा, त्याच गावातला, अगदी उलट्या टोकाचा. १९७२ मध्ये नगरच्या फिरोदियांच्या किनेटिक इंजिनिअरिंगने लुना आणली. मूळ धाटणी इटलीच्या पियाजिओच्या 'चाओ' या मोपेडची. ५० सीसीचं इंजिन, पायडल, आणि डाव्या हाताला क्लचच नाही! म्हणजे क्लच होता, पण तो माणसाने दाबायचा नव्हता. इंजिनाबरोबर फिरणारे छोटे घर्षण-बूट स्प्रिंगने आत ओढून धरलेले असतात. ॲक्सिलरेटर पिळला, फेरे वाढले, की हे बूट केंद्रापासून बाहेर फेकले जातात आणि भोवतीच्या ड्रमला धरतात. वेग कमी झाला की आपोआप सोडतात. याला सेंट्रिफ्युगल क्लच म्हणतात.

यंत्र म्हणून बघितलं तर हा क्लच दुबळा. त्याला रणगाडा तर सोडाच, एखादी मोटारसायकलही जड जाईल. पण समाजाच्या इतिहासात या दुबळ्या क्लचने जे केलं, ते मोठ्या मोठ्या यंत्रांना जमलं नाही. ज्यांना गिअर आणि क्लच यांचा मेळ घालण्याची धास्ती वाटे, अशी किती तरी माणसं पहिल्यांदा स्वतःच्या गाडीवर बसली. शाळेत जाणाऱ्या बाई, दूधवाले, पोस्टातले कारकून, निवृत्तीला आलेले मास्तर. साडी नेसून चालवता येईल अशी गाडी गावागावांत दिसू लागली. पुढे १९८४ मध्ये किनेटिकने होंडाशी हातमिळवणी केली, आणि गिअर न बदलता चालणारी स्कूटर आली. आज रस्त्यावर बहुतेक सगळ्या स्कूटर बिनगिअरच्या आहेत. त्या वाटेवरची एक मोठी पायरी आपल्या नगरच्या कारखान्यात घडली, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

आता चौथा अवतार, उसाच्या रस्त्यावरचा. १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि नंतर जिल्हाभर कारखाने उभे राहिले. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आपण सगळ्यांनी पाहिलाय. चढावर पुढची चाकं उचलायला लागतात. अशा ट्रॅक्टरला साधी प्लेट पुरत नाही. म्हणून धातू आणि सिरॅमिक यांच्या मिश्रणाची बटणं बसवलेली प्लेट टाकतात. तिचं घर्षण जास्त, ती उष्णता सोसते. ती झटका देते, पण ट्रॅक्टरला झटक्याचं काय! तिथे ती प्लेट चांगली.

याच सुमाराचा आणखी एक धडा आहे. १९७३ नंतर पेट्रोल महागलं, तशी लोकांनी जीप आणि ॲम्बॅसॅडरमध्ये डिझेल इंजिनं बसवली. डिझेलचे धक्के जास्त आणि ओढ खालच्या फेऱ्यांत जास्त, त्यामुळे क्लचही बदलावा लागे. जाणते मिस्त्री अशा वेळी इंजिन, फ्लायव्हील, प्लेट आणि गिअरबॉक्स हे सगळं एकमेकांना झेपतंय का, ते बघत. नुसता एकच भाग तगडा करून भागत नाही, हे ते अनुभवाने शिकले होते.

आता परत त्या तरुणाच्या मोटारीकडे येऊ. तिच्यात रेसिंगचा क्लच टाकला म्हणजे नेमकं काय होतं?

प्रेशर प्लेट कडक केली, तर पायडल जड होतं. हा जोर फक्त पायावर येत नाही. रिलीज बेअरिंगवर येतो, क्लचच्या वायरवर किंवा सिलिंडरवर येतो, आणि शेवटी क्रँकशाफ्टला सरकू न देणाऱ्या थ्रस्ट वॉशरवर येतो. सिग्नलला पायडल दाबून उभं राहिलात, की तेवढा वेळ इंजिनाच्या आत हा दाब चालूच.

बटणांची प्लेट टाकली, तर घसरण्याची जागाच आक्रसते. क्लच एक तर सोडतो, नाही तर धरतो. मधलं काही नाही. गर्दीत मुंगीच्या पावलांनी पुढे जायचं असेल, तर गाडी थरथरते, झटके मारते, बंद पडते. मधल्या स्प्रिंगा नसलेली प्लेट असेल, तर गाडी उभी असताना गिअरबॉक्स खडखडतो. वर फ्लायव्हीलही हलकं केलं असेल, तर चढावर गाडी उठवणं म्हणजे परीक्षाच.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. घसरणारा क्लच हा घरातल्या फ्यूजसारखा असतो. जोर अति झाला की तो घसरतो, जळतो, पण पुढचं वाचवतो. तुम्ही फ्यूजच्या जागी जाड तार घातली, की फ्यूज जाणार नाही. मग काय जाईल? गिअरचे दात, ॲक्सल, जॉइंट. कमजोर जागा नाहीशी होत नाही, ती पुढे सरकते. आणि बहुधा जास्त महागाच्या ठिकाणी सरकते.

आणखी एक किंमत आहे, ती गॅरेजच्या बिलात येत नाही. आपल्याकडे मोटार एका माणसाची नसते, घराची असते. मुलाने असा क्लच टाकला, की ती गाडी आईला चालवता येत नाही. गुडघे दुखणाऱ्या वडिलांना तर नाहीच. रात्री-अपरात्री दवाखान्यात जायची वेळ आली आणि मुलगा पुण्याला असला, तर दारात उभी असलेली ताकदवान गाडी काय कामाची? लुनाने ज्यांना रस्त्यावर आणलं, त्यांनाच हा क्लच परत ओट्यावर बसवतो. आम्हाला यातली खरी काळजी ही आहे.

ग्रीकांचा ॲरिस्टॉटल सांगतो की वस्तूचा गुण तिच्या कार्यावरून ठरवावा, आणि गुण हा दोन अतिरेकांच्या मध्ये असतो. आपल्याला तर इतकं लांब जायचीही गरज नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, विहार, झोप यांच्या मापाची जी गोष्ट आहे, तिच्यावर ज्ञानेश्वरांनी भाष्य केलं ते याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये. जे कामाच्या मापाचं, ते चांगलं. रणगाड्याचा क्लच रणगाड्यात चांगला, लुनाचा लुनात. रस्त्यावरच्या मोटारीचं कार्य काय? दिवसातून शेकडो वेळा थांबणं आणि निघणं, आणि घरातल्या कोणालाही ते जमणं.

मग ताकद वाढवायचीच नाही का? तसं आम्ही म्हणत नाही. हौसेला मोल नसतं, पण माप असावं. इंजिनाचा पिळाचा जोर खरोखर किती वाढलाय हे आधी मोजून घ्या, आणि त्याला थोडीशी सवड ठेवून पुरेल एवढाच क्लच निवडा. रेसिंगच्या नावाला भुलू नका. कडक प्रेशर प्लेट घ्यायची, तर अस्तर साधं, सेंद्रिय ठेवा आणि मधल्या स्प्रिंगांची प्लेट घ्या. फ्लायव्हील मूळचंच राहू द्या. नवी प्लेट बसवली की पहिले काही शे किलोमीटर गावातच, सावकाश चालवा. अस्तराला आणि फ्लायव्हीलला एकमेकांची सवय व्हावी लागते. सिग्नलला न्यूट्रल करा, पाय काढा. इमामपूरच्या किंवा करंजीच्या घाटात गर्दी तुंबली तर गाडी हाफ क्लचवर धरून ठेवू नका, हँडब्रेक लावा. आणि निर्णय घेण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकदा ती गाडी चालवून बघू द्या. एखाद्या मित्राच्या गाडीत तसा क्लच असेल, तर आईलाच विचारा, जमतंय का.

२०२४ मध्ये विजेवरची लुना आली, तीही आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यातून. विजेची मोटर शून्य वेगापासूनच ओढते, म्हणून तिला क्लच लागतच नाही. उद्या कदाचित मोटारीतलाही क्लच जाईल. पण ताकद किती हवी, ती कोणाला झेपली पाहिजे आणि तिची किंमत कोण मोजणार, हे प्रश्न बॅटरीवरच्या गाडीलाही विचारावे लागतीलच. ते विचारायची सवय आत्तापासून लावून घेऊ या.

 आता कोणाला काही विचारायचं असेल, तर अवश्य विचारा. मिस्त्री मंडळींनी आधी विचारलं तर जास्त बरं, कारण आमच्यापेक्षा त्यांना यातलं जास्त कळतं.