श्रवणबेळगोळ : चंद्रगिरीवरील बसदी

कर्नाटकातील हासन जिल्ह्याच्या चन्नरायपट्टण तालुक्यातील दिगंबर जैन तीर्थक्षेत्र. ‘बेळगोळ’ म्हणजे पांढरे तळे. तळ्याच्या दक्षिणेस विंध्यगिरी (दोड्डबेट्ट, थोरली टेकडी), उत्तरेस चंद्रगिरी (चिक्कबेट्ट, धाकटी). कोल्हापूर-सांगलीकडून येणारा यात्रेकरू आधी थोरलीच्या पायऱ्या चढतो, कारण गोमटेश्वराची मूर्ती तिथे आहे. जुनी मंदिरे मात्र बहुतेक धाकटीवर. येथे मंदिराला ‘बसदी’ म्हणतात. हा शब्द ‘वसति’वरून आला.

चंद्रगिरी सपाटीपासून जेमतेम पावणेदोनशे फूट उंच आहे. संस्कृत लेखांत तिचे नाव कटवप्र, कन्नड लेखांत कळ्बप्पु. माथ्यावरच्या तटबंदीच्या आत डझनभर बसदी एकमेकींना खेटून उभ्या आहेत. बहुतेक ग्रॅनाइटच्या आणि द्राविड शैलीच्या. मोकळ्या खडकावर व बसदींच्या भोवती शिलालेख आहेत. १९७३ च्या सुधारित संग्रहात क्षेत्र व परिसर मिळून ५७३ लेख छापले असून त्यांतील २७१ एकट्या या टेकडीवरचे आहेत. बरेचसे सल्लेखनेने (आमरण उपवासाने) देह ठेवलेल्या मुनी, आर्यिका व श्रावकांचे स्मृतिलेख.

सर्वांत जुना लेख इ.स. ६०० च्या सुमाराचा मानला जातो. बारा वर्षांच्या दुष्काळाचे भाकीत झाल्यावर उज्जयिनीहून दक्षिणेकडे आलेल्या मुनिसंघाची हकीकत त्यात आहे. त्यातील भाकीत करणारा भद्रबाहू कोणता, आणि परंपरेप्रमाणे चंद्रगुप्त मौर्य येथे आला होता का, यावर लुईस राइस व फ्लीट या पुरालेखतज्ज्ञांच्या काळापासून मतभेद आहेत. परंपरेचे चित्ररूप चंद्रगुप्त बसदीत पाहायला मिळते. ही टेकडीवरची सर्वांत लहान बसदी. तीन गाभारे ओळीने, मधल्यात पार्श्वनाथ. दारालगतच्या दगडी जाळ्यांवर भद्रबाहू-चंद्रगुप्त कथेचे ९० चौकोनी प्रसंग कोरले आहेत. शिल्पी दासोज याने नाव कोरून ठेवले आहे (१२ वे शतक). पूर्वेकडील जाळीत ओळींचा क्रम बिघडलेला दिसतो. त्यामुळे कथा सलग वाचू गेल्यास घोटाळा होतो.

चामुंडराय बसदी (इ.स. ९८२ च्या सुमारास) टेकडीवरील सर्वांत देखणी. गंग सेनापती चामुंडरायाने तळमजला बांधला, वरचा मजला त्याचा मुलगा जिनदेवण याने. खालची नेमिनाथमूर्ती मूळची नव्हे: तिच्या पीठावरील लेखावरून ती गंगराजाचा मुलगा एचण याने बांधलेल्या दुसऱ्याच जिनालयातील दिसते.

गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती. १११७–१८ या अवधीत त्याच्या घराण्याने येथे बांधकामांचा सपाटाच लावला: शासन बसदी स्वतः त्याची, एरडुकट्टे पत्नी लक्ष्मीची, कत्तले बसदी आई पोचिकब्बे हिच्यासाठी. राजाने विजयाबद्दल दिलेले परम हे गाव त्याने आई आणि पत्नी यांच्या जिनालयांना लावून दिले. शासन बसदीच्या दाराशी हे सारे दगडावर आहे. बसदीचे नावच या शासनलेखावरून पडले. ‘कत्तले’ म्हणजे काळोख. टेकडीवर आतून प्रदक्षिणामार्ग असलेली ही एकमेव बसदी, मूर्ती आदिनाथाची.

सवतिगंधवारण बसदी (११२३) विष्णुवर्धनाची पट्टराणी शांतला हिची, शांतिनाथाची. नाव तिच्या बिरुदावरून आले: सवतींना मदमत्त हत्ती. याच बसदीजवळच्या स्तंभावर राष्ट्रकूट चौथा इंद्र याचा मृत्युलेख (९८२) आहे. सल्लेखनेने गेलेल्या या राजाच्या चेंडूच्या खेळातील कौशल्याचेच वर्णन त्यात ऐसपैस आहे.

पार्श्वनाथ बसदीतील मूर्ती १५ फुटी, टेकडीवर सर्वांत उंच. अभ्यासकाचे पाऊल मात्र नवरंगातल्या (सभामंडपातल्या) मल्लिषेण प्रशस्तीच्या शिलालेखाशी (११२९) अडते. दिगंबर आचार्यपरंपरेचा काळ लावताना तिच्यावाचून चालत नाही.

तेरिन बसदी : १११७, समोर रथाच्या आकाराची शिल्पित रचना.

शांतीश्वर, मज्जिगण : किरकोळ.

गावात हुळ्ळ या कोषाधिकाऱ्याची भंडार बसदी (११५९, चोवीस तीर्थंकर) व अक्कन बसदी (११८१) आहेत. दुसरी होयसळ शैलीची; बांधणारी आचियक्क, ब्राह्मण मंत्री चंद्रमौळी याची जैन पत्नी.

मराठी लेख : चंद्रगिरीवरचा नव्हे, विंध्यगिरीवर गोमटेश्वराच्या पायांशी, या नोंदीत त्याला जागा द्यायची ती केवळ माणसे तीच म्हणून. पहिली ओळ मूर्ती चामुंडरायाने ‘करवियलें’ असे सांगते, दुसरी भोवतालचा सुत्तालय (प्राकार) गंगराजाने. शेजारी याच आशयाचे कन्नड व तमिळ लेख आहेत. पहिली ओळ ९८३ ची धरून हा मराठीचा आद्य लेख म्हणून पाठ्यपुस्तकांत रूढ झाला. दोन्ही ओळी गंगराजाच्या काळीच कोरल्या गेल्या असाही पक्ष आहे. तसे मानल्यास अक्षीचा लेख (१०१२) आधीचा ठरतो.

उत्सव : दर बारा वर्षांच्या सुमारास गोमटेश्वराचा महामस्तकाभिषेक (उदा. २०१८).